मे महिन्यात समुद्राला पाणी असतं का?

"एक विचारू का… तिथं पाणी आहे ना सध्या?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीच्या नमुन्यांच्या पिशव्यांमध्ये बसले होते. फोनच्या पलीकडे होता कोकणातल्या एका लहानशा बंदरावरचा बोटवाला. मी समुद्रात जायला बोट बुक करत होते आणि विचारत होते, समुद्रात पाणी आहे का!

खरं सांगते, माझा काही दोष नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात कुठेही जायचं म्हटलं, अगदी सख्ख्या मावशीच्या घरी, तरी आधी हे विचारायची रीत आहे. जीभ सवयीने वळली. वळल्यावर मात्र मला स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

पलीकडून कुणीतरी हसू दाबत असल्याचा आवाज.

"मॅडम… लातूरच्या का?"

"औशाच्या. का?"

"न्हाई, असं आपल्याकडचंच माणूस विचारतं. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात एसी हाय का. पाणी हाय का, हे आजवर कुणीच विचारलं न्हाई."

"आपल्याकडचं म्हणजे?"

"मी मुखेडचा. सत्यम." आता तो उघड हसला. "हाय पाणी. लई हाय. या तुम्ही."

कोकणातल्या नंबरावर मुखेडची बोली! मला एवढं बरं वाटलं, की लाजायचं राहूनच गेलं.

"पण मॅडम, तुम्ही फिशिंगची बोट बुक करून राहिलात बघा. फॅमिली ट्रिप. गळ, दोऱ्या, आमिष सगळं आमचं. मासे तुमचे."

"मासे नकोत."

"म्हणजे?"

"आई माळकरी आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"मग फिशिंगची बोट काऊन घेऊन राहिलात?"

"कारण ती सगळ्यात हळू चालते," मी म्हणाले. "बाकीच्या बोटी भुर्रकन जाऊन येतात. तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय, ही बोट आत जाऊन एका जागी थांबते. आमच्या अप्पांना पाण्यावर थांबायचंय. पळायचं नाहीये."

आता त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"थांबवू," तो म्हणाला. "म्हणतील तितका वेळ थांबवू."

अप्पा म्हणजे दगडोबा पाणाड्या. औसा तालुक्यात कुणालाही विचारा. माझ्या जन्माच्या आधीपासून ते लोकांच्या रानात पाणी बघत आले. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी, हळूहळू रान चालायचं. जमिनीत पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. मी बीएस्सी आहे, दिवसभर यंत्रावर तुरीचा ओलावा मोजते, त्यामुळे नारळ उभा राहतो की अप्पांचा हात त्याला उभा करतो याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे. ते मी घरात कधी बोलून दाखवलेलं नाही. अप्पांनी दाखवलेल्या विहिरीचंच पाणी पिऊन मी मोठी झाले.

त्यांचा एक नियम होता. 'पाणी हाय' म्हणून सांगितलं, की त्या घरी ते तांब्याभर पाणी मागून प्यायचे. 'न्हाई' म्हणून सांगितलं, की घोटभरसुद्धा घ्यायचे नाहीत. "ज्यांच्याकडं न्हाई त्यांचं कसं प्यावं?" असं त्यांचं म्हणणं. आणि न्हाई म्हटलेल्या रानात ते पुन्हा कधी पाऊल टाकत नसत.

हाच नियम त्यांनी माझ्या लग्नालाही लावला! स्थळ आलं की अप्पा नारळ घेऊन आधी मुलाचं रान चालून यायचे. मुलगा कसा, शिकला किती, हे नंतर. नारळ आडवाच राहिला की पोह्यांची बशी तशीच ठेवून उठायचे. पाण्याचा पेला पुढे आला की हात जोडायचे, आणि आईला कळायचं, मोडलं. अशी बरीच स्थळं गेली. मला त्यांतल्या एकाचंही वाईट वाटलं नाही हे मी इथेच सांगून टाकते.

पण गेल्या दिवाळीनंतर सगळंच थांबलं. लोह्याकडच्या एका रानात अप्पांनी जागा दाखवली आणि बोअरमधून नुसता धुरळा उडाला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो गावोगाव फिरला. अप्पांनी नारळ देव्हाऱ्यात ठेवून दिला आणि बोलावणी आली की आईला सांगायला लावू लागले, "ते आता बघत न्हाईत." दिवसभर ओट्यावर बसून असायचे. माझे अप्पा, ज्यांना पाहून लोक लांबून गाडी थांबवायचे, ते गाडी आली की मान फिरवायला लागले.

एका संध्याकाळी टीव्हीवर समुद्र दाखवत होते. अप्पा जेवता जेवता थांबले.

"एवढं पाणी खरंच असतं का गं?"

"असंल की," आई म्हणाली. "दाखवून राहिलेत म्हणजे असंल."

"कुणी बघितलंय आपल्यात?"

कुणीच नव्हतं. आईने नाही, मी नाही. ज्या माणसाने जन्मभर पाणी शोधलं, त्याने समुद्र बघितलेला नव्हता. मी त्याच रात्री मोबाईलवर बोटी शोधायला बसले.

आणि मग सत्यमचे फोन सुरू झाले. आधी कामाचे.

"मॅडम, वजनं सांगा. लाइफ जॅकेटचा साईज बघायचाय."

"आईचं सांगते. अप्पांचं सांगते. माझं नाही सांगणार."

"मग मी आपला अंदाजे आणतो. ढिलं झालं तर हात धरून बसावं लागंल."

"कुणाचा?"

"…बोटीच्या कठड्याचा म्हणलो मी."

मिलमध्ये यंत्रं धडधडत होती म्हणून बरं, नाहीतर माझं हसणं गेटपर्यंत गेलं असतं.

मग आईचा सगळ्यात मोठा प्रश्न. तो मी फार चाचरत विचारला.

"बोटीत… संडास आहे का?"

"हाय की. म्हणून तर तिला फॅमिली बोट म्हणतात," सत्यम अगदी गंभीरपणे म्हणाला. "अन् मावशींना सांगा, पाणी बी हाय."

पुढे पुढे फोनला काम लागेनासं झालं. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडायची आणि मोबाईल वाजायचा.

"आज पाणी आलं का?" मी विचारायची.

"टँकर आला न्हाई अजून. तरी काठोकाठ भरून हाय. कोण भरतं कुणास ठाऊक!"

एकदा तो म्हणाला, "थांबा, ऐका," आणि त्याने फोन लाटांच्या दिशेने धरला. मी दुसऱ्या कानात बोट घातलं. आधी नुसती खरखर. मग काहीतरी मोठं श्वास घेतंय असं वाटलं. आत… बाहेर… आत… बाहेर. माझा घास हातातच राहिला. त्या पत्र्याच्या शेडखाली, तुरीच्या धुळीत बसून मी पहिल्यांदा समुद्र ऐकला.

"गेलात का?" त्याने विचारलं.

"नाही… आहे."

"मला बी पहिल्या दिवशी बोलता आलं नव्हतं," तो म्हणाला. 'मॅडम' त्या दिवसापासून गेलं आणि 'ऋतुजा' आलं.

त्याने आपलंही सांगितलं. रान कोरडवाहू, वडील वैजनाथराव शेतीच करतात. हा उदगीरच्या मासळीच्या कॉलेजात शिकला. गावात लोक हसायचे, म्हणे प्यायला पाणी नाही आणि वैजनाथचं पोरगं मासे शिकायला चाललंय. मी पोट धरून हसले, मग विचारलं, "एवढ्या लांब का गेलात पण?" त्यावर तो म्हणाला, "सांगंन कधी तरी."

मीही मग अप्पांचं सांगितलं. नारळाचं, नियमाचं, लोह्याच्या धुरळ्याचं, मोडलेल्या स्थळांचं. गंमत म्हणूनच सांगत होते. पण तो हसला नाही.

"तुमच्या अप्पांचं नाव… दगडोबा का?"

"हो. मी सांगितलं होतं का?"

"हाव… सांगितलं असंल," असं म्हणून त्याने काहीतरी निमित्त काढलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बसचं वेळापत्रक सांगण्यापुरता. मी विचारलं, "आज पाणी आलं का?" तर नुसतं "हाव" म्हणाला. मला काय समजायचं ते समजलं. अप्पांच्या नियमाला घाबरला! एवढ्या मोठ्या समुद्रावर राहतो आणि काळीज कुंभाराच्या मडक्याएवढंही नाही. मी दोन दिवस तुरीच्या पिशव्यांवर राग काढला. पण तिकिटं काढून झाली होती, आणि अप्पांनी ओट्यावरच्या माणसांना स्वतःहून सांगितलं होतं, "पोरगी समुद्र दाखवून राहिली." कित्येक महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य निघालं होतं. आता मागे फिरायचं नव्हतं.

लातूरहून कोल्हापूर आणि तिथून एसटीने घाटाखाली. दुपार कलताना आम्ही उतरलो. समोर एक सावळा, मध्यम उंचीचा मुलगा उभा होता. फोनवरचा आवाज ऐकून मी जरा आडदांड गडी डोळ्यांसमोर धरला होता. हा तसा नव्हता. शर्टाच्या बाहीवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग वाळले होते आणि डोळे… असू द्या. डोळे चांगले होते.

तो वाकून अप्पांच्या पाया पडला आणि त्याने आईची पिशवी घेतली. माझ्याकडे बघितलं, आणि मग लगेच माझ्या बॅगेकडे.

"प्रवास बरा झाला का?" त्याने बॅगेला विचारलं.

"बॅगेचा बरा झाला," मी म्हणाले.

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. माझा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला मी मुद्दाम धरून ठेवला.

सुरूच्या झाडांमधून वाट होती. आवाज आधी आला, तोच, फोनवरचा. अप्पांची चाल मंद झाली. झाडं संपली आणि आम्ही चौघंही थांबलो.

काय सांगू! मी टीव्हीवर बघितला होता, मोबाईलवर बघितला होता. पण त्याला काठच नव्हता. पलीकडचा काठ शोधत माझी नजर गेली ती गेलीच, आणि आभाळाला जाऊन टेकली. आमच्या तळ्याला, धरणाला, सगळ्याला पलीकडे काहीतरी असतं. इथे पलीकडे काही नव्हतं.

अप्पांनी चपला काढल्या. मग डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढतात तशी. पाण्याजवळ गेले, पण पाऊल भिजवलं नाही. प्यायच्या पाण्यात पाय घालू नये ही आमच्याकडची शिकवण त्यांच्या अंगातच होती. नुसते उभे राहिले.

"एवढं पाणी," आई म्हणाली, "अन् कुणी झाकून ठेवलं न्हाई?"

कुणी हसलं नाही. सत्यमसुद्धा.

आई-अप्पा तिथेच वाळूवर बसले. सूर्य बुडायला आला होता. सत्यम जरा लांब, ओढून ठेवलेल्या होडीपाशी दोऱ्या गुंडाळत होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोन का बंद केलेत?"

"काम होतं."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

त्याने दोरी खाली ठेवली. "ऋतुजा… तुमचे अप्पा आमच्या रानात येऊन गेलेत."

"काय?"

"मी लहान होतो. दोन बोअर कोरडे गेलेले. बाबांनी तुमच्या अप्पांना औशाहून बोलावून आणलं. दिवसभर चालले ते, अनवाणी. मी मागं मागं, तांब्या घेऊन. संध्याकाळी म्हणले, इथं न्हाई. मी तांब्या पुढं केला तर घेतला न्हाई. म्हणले, ठेव बाळा, तुम्हालाच लागंल." तो थांबला. "तुम्ही नाव सांगितलं तेव्हा कळलं. आमच्या रानाला ते न्हाई म्हणून गेलेत. एकदा न्हाई म्हणलेल्या रानाकडं ते परत बघत न्हाईत, हे तुम्हीच सांगितलं. मग मी कुठल्या तोंडानं फोन करू?"

माझ्या रागाचं पाणी पाणी झालं. आणि त्याच्या जागी भीती आली, कारण हे खरं होतं. अप्पांनी न्हाई म्हटलेलं रान हाव झाल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"पण फोन करायचा तरी कशाला होता?" मी विचारलं. मला ठाऊक होतं. मला ऐकायचं होतं.

"आता तोंडानं वदवून घेता का?"

"हाव," मी म्हणाले, अस्सल मुखेडच्या सुरात.

तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी बॅगेकडे नाही. "तुमचा फोन यायच्या आधी मी हा समुद्र एकटाच बघत होतो," तो म्हणाला. "आता कुठली बी लाट आली की वाटतं, ही ऋतुजाला ऐकवायची राहिली."

मी वाळूत अंगठा रुतवत उभी राहिले.

"उद्या अप्पांना सांगून टाका," शेवटी मी म्हणाले. "रानाचं बी, अन् हे बी."

"न्हाई म्हणले तर?"

"तर निदान तुम्ही विचारलंत एवढं तरी माझ्याकडे राहील."

सकाळी ऊन चढायच्या आत बोट निघाली. वर कापडाचं छत, बसायला बाकं, पुढे सुकाणूवर इथलेच एक म्हातारे तांडेल. माझं लाइफ जॅकेट बरोब्बर बसलं. "अंदाज बरा आहे तुमचा," मी कुजबुजले. तो कानापर्यंत लाल झाला आणि आईने ते बघितलं.

किनारा मागे मागे जात एका रेघेएवढा झाला, तेव्हा तांडेलांनी इंजिन बंद केलं. आवाज थांबला. बोट हलकेच डोलायला लागली. चारी बाजूंना पाणी, वर आभाळ, मधे आम्ही. आईने डोळे मिटून हात जोडले. इतकं मोठं काही असतं आणि त्यावर आपण एवढेसे बसलेले असतो, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की डोळे भरून आले. दुःख नव्हतं. नुसतेच भरून आले.

सत्यमने मासेमारीची दोरी काढली. तिचा गळ त्याने आधीच कापून टाकला होता. टोकाला फक्त शिशाचं वजन होतं.

"काका, धरा. गळ न्हाई हिला. नुसती खाली सोडा."

अप्पांनी दोरी बोटांवर घेतली आणि सोडत गेले. दोरी जात राहिली. त्यांनी डोळे मिटले. रानात चालताना मिटायचे तसेच. दोरी जातेय, जातेय… मग बोटांत सैल पडली.

"लागला तळ," अप्पा अगदी हळू म्हणाले. "आपल्याकडं एवढं खाली जायला किती खडक फोडावा लागतो. अन् इथं वरपासून खालपर्यंत नुसतं पाणीच?"

"नुसतं पाणीच, काका."

बोटीच्या सावलीत बारीक मासळीचा एक थवा चमकत वळला. आई कठड्यावरून वाकून बघत होती. "जाऊ द्या त्यांना," ती आपल्याशीच म्हणाली. "लेकरं खेळून राहिलीत."

सत्यमने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"काका… मी मुखेडच्या वैजनाथरावांचा पोरगा. लिंबाखालचं रान. तुम्ही आला होतात."

अप्पांची बोटं दोरीवर थांबली. त्यांना प्रत्येक रान आठवतं.

"चुनखडीचं रान," ते म्हणाले. "दोन बोअर आधीच कोरडे गेलेले."

"हाव."

"मी न्हाई म्हणलो होतो."

"हाव."

"एक पोरगं तांब्या घेऊन उभं होतं."

"मीच तो."

अप्पांनी मान खाली घातली. "मग राग असंल तुला."

"कशाचा राग, काका?" सत्यम त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाबा अर्धं रान विकून तिसरा बोअर पाडणार होते. तुम्ही न्हाई म्हणलात म्हणून रान राहिलं. त्या रात्री बाबा म्हणले, इथं न्हाई तर न्हाई, सत्या, तू पाणी हाय तिथं जा. मोठा झालो तसं उदगीरला घातलं, अन् मी इथवर आलो. तुम्ही त्या दिवशी आमचं मन राखायला हाव म्हणला असता, तर आज रान बी नसतं अन् मी बी इथं नसतो."

लाटा बोटीला थापटत होत्या. अप्पा बोटांतली दोरी चाचपत राहिले.

"लोह्याच्या रानात मला न्हाईच वाटलं होतं," ते म्हणाले तेव्हा आवाज फाटला होता. "नारळ आडवाच होता. मालक लई रडला, हातापाया पडला. माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई." त्यांनी डोळे पुसले. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. "लोक माझं हाव ध्यानात ठेवतात. न्हाई कुणी एवढं जपलं नव्हतं, पोरा."

"अजून एक हाय, काका." सत्यम जरा पुढे सरकला. "तुमच्या ऋतुजासाठी विचारायचंय. आमच्या रानात अजून बी पाणी न्हाई. तुमचा नियम मला माहीत हाय. तरी विचारून राहिलो."

गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "मला हाच पाहिजे."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग विहिरीतून पोहरा ओढावा तशी हातावर हात टाकत दोरी वर ओढायला लागले. ओलं वजन हातात आलं. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं.

"खारट हाय," ते म्हणाले. "हे काय पिता येत न्हाई."

सत्यमने मान खाली घातली.

"कावेरे, नारळ दे."

आईने समुद्राला वाहायला आणलेला नारळ पिशवीतून काढला. दिवाळीपासून अप्पांनी नारळाला हात लावला नव्हता. त्यांनी तो तळहातावर आडवा ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. बोट डोलली, नारळ इकडे लवंडला, तिकडे लवंडला. आणि अप्पा हसले. किती महिन्यांनी!

"इथं ह्या बिचाऱ्याला काय इचारायचं!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तो पाण्यावर सोडला. नारळ डुलत डुलत लांब गेला. अप्पा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग ओठांवरून जीभ फिरवली.

"तोंड खारट झालं," ते म्हणाले. "सत्यम, प्यायला पाणी हाय का रे?"

आईने माझं मनगट घट्ट धरलं. मी तिचं. सत्यम मात्र जागचा हलेना. त्याला कळलं होतं, पण त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

"अहो," मी म्हणाले, "पाणी द्या ना!"

तो धडपडत उठला. बाकाखाली बाटल्या होत्या, पण त्याने बाटली काढली नाही. फडक्यात गुंडाळलेला, वर पेला पालथा घातलेला एक तांब्या काढला. खोलीवरून भरून आणलेला.

"खोलीमागच्या विहिरीचं हाय," तो म्हणाला. "गोडं हाय."

अप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि प्यायला लागले. ओठ न लावता, वरून, घटाघटा. सत्यम बघत होता. एवढ्या वर्षांपूर्वी पुढे केलेला त्याचा हात आज रिकामा झाला होता. अप्पांनी मिशा पुसल्या आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. खरंच गोड होतं.

"मामा," सत्यम म्हणाला, आणि 'काका' कुठे गेले हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. "मामा, अजून देऊ का?"

"दे की," अप्पा म्हणाले. "हाय ना?"

सत्यमने माझ्याकडे बघितलं.

"लई हाय," तो म्हणाला.